मागावर

मागच्या महिन्यात ऐन दुपारी भाच्याचा मेसेज आला, "आत्या, एवढं लेबल सेट करून दे ना, अर्जंट आहे." सोबत वहीच्या पानावर पेनने काढलेलं चित्र होतं. चादरीच्या कोपऱ्यात शिवायची कापडी पट्टी, दोन इंच बाय एक इंच. मधोमध इंग्रजीत एकच शब्द, हेअरलूम, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत सोलापूर. मी नवी पेठेतल्या एका प्रेसमध्ये डीटीपी करते, पंचवीस वर्षं होत आली. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दुकानांची बिलबुकं, श्रद्धांजलीची कार्डं. त्यात हे सोलापूर, म्हणजे एकाच पत्रिकेत मुलीकडचं तेलुगू, मुलाकडचं कन्नड आणि खाली "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" मराठीत. या कामाने एक खोड लावून ठेवलीय. शब्द समोर आला की आधी त्याचं स्पेलिंग दिसतं, अर्थ मागून येतो. स्पेलिंग बरोबर होतं. तरी मी त्याला फोन लावला.

"हे वाचतोस कसं?"

"हेअरलूम."

"एच म्हणायचा नसतो त्यात. एअर. वारसदार."

"माहितीये आत्या. पण एअरलूम म्हटलं तर आपल्याकडे लोकांना एअरजेट वाटेल. आणि पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं हेअरलूमच म्हणतात, मी कशाला शहाणपण करू?" एअरजेट म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याशिवाय, हवेच्या झोताने बाणा, म्हणजे आडवं सूत, फेकणारे आधुनिक माग. त्याचं म्हणणं मला पटलं. त्यामुळे इथेही मी हेअरलूमच लिहिते, एच गिळणाऱ्यांनी तो आपापला गिळावा. फोन ठेवला, फाइल उघडली, अक्षरं टाकली, फाँट बदलून पाहिले. पण काहीतरी टोचत राहिलं. एचचं काही नव्हतं. टोचत होता तो पुढचा लूम. आमच्या घरात आता एकही माग नाही.

भाचा चादरी विकत घेतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एकाचा कारखाना आहे, तिथून हव्या त्या रंगांत आणि डिझाइनमध्ये विणून घेतो, फोटो काढतो, इन्स्टाग्रामवर टाकतो, कुरिअर करतो. त्यात लपवाछपवी काही नाही. विचारलं तर सांगतो. फक्त कोणी विचारत नाही, आणि आता लेबलच सगळं सांगणार म्हटल्यावर कोण विचारणार?

आमचं घर पूर्व भागातलं. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याच्या शेडमध्ये चार माग. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात जे समोर येईल ते. माग सुरू असले की पत्र्याला, भिंतीला, मांडणीवरच्या पितळी तांब्यांना सगळ्यांना एक बारीक थरथर असायची. आमच्याकडची माणसं मोठ्याने बोलतात म्हणून बाहेरच्यांना ती भांडतायत असं वाटतं. आयुष्यभर खडखडाटावरून बोलावं लागलं, त्याला काय करणार! लहानपणी मी त्या आवाजात गाढ झोपायचे आणि रात्री लाइट गेली की त्या शांततेने दचकून जागी व्हायचे. शेडमध्ये वंगणाचा, खळीचा आणि रंगवलेल्या सुताचा वास. ओसरीवर अव्वा विड्या वळत बसलेली, तिच्या सुपातल्या तंबाखूचा वास त्यात मिसळलेला. सुताचे बारीक तंतू सगळीकडे उडत असायचे. भाकरीवर, शेंगाचटणीवर, बापूंच्या भुवयांवर. संध्याकाळी ते शेडमधून बाहेर आले की त्यांच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. खरोखर पांढऱ्या झाल्या तेव्हा आमच्या लगेच लक्षात आलं नाही.

तिसरीत असताना बदली होऊन नव्या बाई आल्या होत्या. पहिल्याच दिवशी एकेकाला उभं करून विचारत होत्या, वडील काय करतात. माझी पाळी आली. मी म्हटलं, "वडील मागावर असतात." बाई म्हणाल्या, "अगोबाई, कोणाच्या?" आणि एकट्याच हसायला लागल्या. वर्गातली निम्मी मुलं मागवाल्यांची. कोणालाच कळेना यात हसण्यासारखं काय आहे. चोरांच्या मागावर पोलीस असतात हे मला पुढे कधीतरी वाचनात कळलं. माग काढणं, मागमूस, मागावर असणं. आमच्याकडे एकच माग होता, तो लाकडाचा नाहीतर बिडाचा असायचा आणि माणूस त्याच्यावर असायचा. तेलुगूत मग्गम, कन्नडात मग्ग. माझे तात, म्हणजे आजोबा, मग्गम म्हणत. त्यांचा स्वतःचा हातमाग होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला. कमरेपर्यंत खड्ड्यात बसायचं, पाय खाली फळ्यांवर, हात वर. तो मी चालताना पाहिलेला नाही. मी पाहिला तो नुसता खड्डा, फरशी टाकून बुजवलेला. त्या फरशीवर पाय आपटला की पोकळ आवाज यायचा.

त्या रात्री घरी जाऊन मी शब्दकोश काढला. लूमचा अर्थ मला काय नव्याने कळणार होता? माग. पण मूळ अर्थ तो नाहीच. जुन्या इंग्रजीत गेलोमा असा शब्द होता, त्याचा अर्थ अवजार. कुठलंही अवजार. कामाला लागणारं, हातात धरायचं, घरात असलेलं काहीही. विणकराचं अवजार म्हणजे माग हा अर्थ पुढे चिकटला आणि हळूहळू बाकीचे अर्थ गळून पडले. हे कसं होतं ते आम्हाला कोशातून शिकायला नको. पंढरपूर-माळशिरसकडच्या माणसाने कारखाना म्हटलं की तो उसाचा. आमच्या गल्लीत कारखाना म्हणजे मागांचा. आणि अव्वा "कारखान्याला जाऊन येते" म्हणाली की विडीचा. एकाच घरात एका शब्दाची दोन दारं. ज्याला जे रोज दिसतं, त्याच्यापुढे शब्द जाऊन बसतो. इंग्लंडातही कधीकाळी घरोघर माग खडखडत असतील, म्हणून अवजार म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येत असेल. हेअरलूम हा जोडशब्द पंधराव्या शतकातला, आणि त्यातला लूम त्या जुन्या ऐसपैस अर्थाचा आहे. वारसाकडे जाणारं अवजार. त्यात माग असेलच असं नाही. कुदळ असेल, कढई असेल, लोहाराची ऐरण असेल.

म्हणजे भाच्याच्या लेबलावरचा लूम आमचा नव्हताच.

हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. माग नसताना माग मिरवल्याचा आरोप तरी गेला. पण बरं वाटलं नाही. उलट आणखी खोलात जायची इच्छा झाली. मोबाइलवर जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं वाचत मी रात्री एकपर्यंत जागी होते. इंग्रजांच्या जुन्या कायद्यात हेअरलूम हा मिरवायचा शब्द नव्हताच, वाटणीचा होता. जमीन आणि घर वारसाकडे जायचं, म्हणजे बहुधा थोरल्या मुलाकडे. जंगम माल जायचा मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्याकडे. पण काही वस्तू अशा असायच्या की त्या जंगम असूनही, रिवाजाने, घराबरोबर वारसाकडेच जायच्या. त्या हेअरलूम. ब्लॅकस्टोन नावाच्या कायदेपंडिताने १७६६ साली यावर लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे त्यात त्याने शब्दाची फोडच चुकवली आहे. लूम म्हणजे अवयव, हेअरलूम म्हणजे वारशाचा अवयव, असं तो ठासून सांगतो. चूक आहे, पण चांगली चूक आहे. प्रूफ वाचताना अशी चूक सापडली तर दुरुस्त करण्याआधी मी दोन मिनिटं थांबेन.

पुढे तो म्हणतो की जमिनीची कागदपत्रं आणि ती ज्या पेटीत ठेवलेली असतात ती पेटीसुद्धा, हेअरलूमसारखीच वारसाकडे जाते. हे वाचलं आणि आमच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक समोर उभी राहिली. हिरवा रंग उडालेली, कडीला सुतळी बांधलेली. आणखी एक वाक्य आहे. हेअरलूम वस्तू मालकाला मृत्युपत्राने दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही, कारण तो गेला त्याच क्षणी ती वारसाची होते. पण जिवंत आहे तोवर तो ती विकू शकतो.

बापूंनी जिवंतपणी विकली.

सुताचा भाव, लाइटबिल, व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे, पानिपतहून येणारी मऊ मऊ ब्लँकेटं. कारणं सोलापुरात कोणाला सांगायला नकोत. गिरण्या तर आमच्या आधीच गेल्या होत्या. जुनी मिल १८७७ सालची, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. ज्या भोंग्यांवर गाव उठायचं आणि जेवायचं, ते भोंगे एकेक करून गप्प झाले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बापू पेपर वाचून म्हणाले, "आता नाव पक्कं झालं." नाव पक्कं झालं आणि माग मोडीत गेले. भंगारवाला सकाळी सातला आला, दोन पोरं आणि घण घेऊन. मला वाटलं होतं माग उचलून नेतील. माग उचलून नेत नसतात, फोडून नेतात. बिडाच्या चौकटीवर घणाचा पहिला घाव बसला तेव्हा जो आवाज झाला, तो त्या शेडमध्ये त्याआधी कधी झाला नव्हता. दुपारपर्यंत चारही माग टेम्पोत. काट्यावर वजन, किलोवर हिशेब. जकार्डचे, म्हणजे डिझाइन ठरवणारे, भोकं पाडलेले पुठ्ठे, ज्यांच्यात आमची सगळी फुलं आणि मोर होते, ते त्याने घेतलेच नाहीत. रद्दीवाल्याकडे द्या म्हणाला. जाता जाता सांगते, जकार्ड हेही एका माणसाचं नाव आहे, फ्रान्समधल्या लिऑनचा विणकर. १८०४च्या सुमाराला त्याने हे पुठ्ठ्यांचं यंत्र केलं. आमच्या गल्लीत त्याचं नाव रोज शंभरदा घेतलं जायचं आणि तो माणूस होता हे कोणाला ठाऊक नव्हतं.

शेडमध्ये उरले तेलाचे चार काळे चौकोन. फिनेलने धुतले, सोड्याने घासले, गेले नाहीत. पुढे तिथे वहिनीने शिवणाच्या मशिनी टाकल्या.

बापू गेल्यावर वर्षभराने अण्णाने विषय काढला. घर नावावर करायचं होतं. २००५ साली कायदा बदलला, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढाच हक्क आला, हे मला चांगलंच माहीत होतं. त्यावरच्या एका पुस्तिकेची प्रूफंच मी वाचली होती. आणि तरी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली. अंगठाही. फोटोसुद्धा काढला त्यांनी, मान जरा वर करा म्हणाले. कोणी जबरदस्ती केली नाही. अण्णाने नवी साडी घेतली, वहिनीने जेवायला पुरणपोळी केली. मी का केली सही? घर त्यांचंच होतं, मी बाहेर राहत होते, माहेर तुटायला नको होतं. सगळी उत्तरं खरी आहेत आणि रात्री एक वाजता त्यातलं एकही पुरत नाही. ट्रंक अण्णाकडेच राहिली. ब्लॅकस्टोनला विचारलं असतं तर तोही तेच म्हणाला असता.

शब्दकोश उघडला की शेजारचे शब्दही दिसतात, ही आणखी एक खोड. सुताचाच विषय होता म्हणून स्पिन्स्टर पाहिला. मूळ अर्थ सूत कातणारी बाई. पुढे कायद्याच्या कागदांत अविवाहित बाईच्या नावापुढे तो लागायला लागला. इंग्लंडात लग्नाच्या नोंदीत नवऱ्या मुलीच्या नावापुढे हा शब्द थेट २००५पर्यंत होता, त्या वर्षाच्या अखेरीस काढला. २००५ साल बायकांना एकंदर बरं गेलेलं दिसतं. मी लग्न केलं नाही. सूतही कातलं नाही, पण कांड्या भरल्या. शाळेतून आलं की राट्यापुढे बसायचं आणि कांडीवर सूत गुंडाळायचं. भरलेली कांडी धोट्यात बसवली की धोट्याच्या बाजूला असलेल्या बारीक भोकातून सुताचं टोक बाहेर काढावं लागतं. त्यासाठी हुकबिक काही नसायचं. भोकाला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढायचा, टोक पटकन जिभेवर येतं. रंगाची तुरट चव, तेलाची चव, आणि तुमच्याआधी ज्यांनी ज्यांनी तोंड लावलं त्या सगळ्यांची चव. लाल सुताच्या दिवशी माझे ओठ लाल असायचे. शाळेत बाईंनी एकदा विचारलंही होतं, लिपस्टिक लावतेस का.

आता हेअरलूम शब्द कुठे कुठे दिसतो ते मी मुद्दाम पाहायला लागलेय. दागिन्यांच्या जाहिरातीत असतो. पैठणीच्या जाहिरातीत तर हमखास, कालच विणलेली असली तरी. पुढच्या पिढीला द्याल म्हणून आजच हेअरलूम, उधारीवरचा वारसा. परदेशात टोमॅटोलाही म्हणतात. संकरित नसलेलं, बी राखून पिढ्यान्‌पिढ्या लावलेलं वाण. आमच्याकडे त्याला गावठी म्हणायचे आणि तो स्वस्त असायचा. मग गावरान म्हणायला लागले, भाव दुप्पट झाला. हेअरलूम म्हटल्यावर किती होईल ते मार्केट यार्डात जाऊन विचारायला हवं. पण मी हसते आणि मग स्वतःलाच आवरते. भाच्याच्या चादरीला बापूंच्या चादरीपेक्षा बरा भाव मिळतो. त्यातून ज्याने विणली त्यालाही वेळेवर पैसे मिळतात, आणि हे मी व्यापाऱ्याच्या दारात ताटकळलेल्या माणसाची मुलगी म्हणून सांगते, छोटी गोष्ट नाही. एका परक्या शब्दाने हे होत असेल तर मी कोण नाक मुरडणार? तरी मुरडलं जातं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, बाराबंदीतली माणसं ते पेलून नेतात, त्यांचे मान घराण्यांत चालत आलेले. त्या घरातल्या पोराला आधी सरावाची काठी पेलावी लागते, खांदे भरून येतात, मग मान. लेबल शिवून मान मिळत असता तर! पण हेही अर्धंच खरं. मान मिळालेल्या घरांत पोरी असतातच की.

तर लेबल. मी तीन नमुने केले. भाच्याला तिसरा आवडला, पण तो म्हणाला, "नुसती अक्षरं कोरडी वाटतात आत्या. मागाचं एखादं चित्र टाक ना." नेटवरून घ्यायला मला आवडेना. तिथले माग सगळे एक तर फार जुने नाहीतर फार सुंदर.

माझ्याकडे एक वस्तू होती. माग फोडले त्या दिवशी बापूंनी खोक्यातला एक धोटा काढून खिडकीत ठेवला होता. ते गेल्यावर वहिनी पावसाळ्यात त्याने खिडकी अडवायची. सही करून आले त्या संध्याकाळी पुरणपोळी खाऊन निघताना मी म्हटलं, हा नेऊ का? वहिनी म्हणाली, "न्या की, त्यात काय." वीतभर-दीडवीत लांब, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधे कांडीची पोकळी. लाकूड हात लागून लागून साबणासारखं गुळगुळीत झालंय. एका टोपीला घणाच्या ठिणगीसारखा टवका आहे, तो कधीचा ते माहीत नाही. बाजूच्या भोकाच्या कडेला अजून फिकट लाल रंग आहे.

तो पिशवीत घालून प्रेसमध्ये नेला आणि स्कॅनरच्या काचेवर ठेवला. झाकण बसेना. दोनदा दाबून पाहिलं. शेवटी वरून माझा टॉवेल पांघरला, सोलापुरीच, आणि बटण दाबलं. उजेडाची पट्टी खालून सरकत गेली. चित्र आलं ते कडेला काळं, मधे लाकडाच्या रेषा अगदी स्पष्ट, टवक्यासकट. पार्श्वभूमी काढली, लहान केलं, शब्दाच्या वर बसवून पाठवून दिलं.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "एकदम भारी आत्या!! पण ही होडी कशाला?"

मी लिहिलं, "होडी नाही, धोटा आहे."

"धोटा म्हणजे?"

त्याचा जन्म झाला तेव्हा शेडमध्ये चारही माग चालू होते. बारशाला पाळण्याच्या दोऱ्या त्या थरथरीने हलत होत्या. मी उत्तरात 'लूम' असं टाइप केलं. अर्थाने बरोबरच होतं, पाचशे वर्षांपूर्वीच्या. मग ते खोडलं आणि लिहिलं, संध्याकाळी घरी ये, दाखवते. येताना कारखान्यातून एक भरलेली कांडी घेऊन ये. लाल असली तर बरं.